शनिवारची आंघोळ

ट्रेस हॉलोवेच्या नव्या गाण्याने अलाबामातल्या यच्चयावत ट्रकचे रेडिओ बळकावले होते.

"अंगात बंडी, चिखलाचे बूट,
शनिवार आला, आज सगळी सूट!"

कष्टकऱ्यांचं गाणं म्हणे. हॉलोवेने जन्मात उचललेलं सगळ्यात जड ओझं म्हणजे गिटार, आणि तीही गाडीतून उतरवायला माणूस ठेवलेला.

तरीही या गाण्याचं शूटिंग गावातल्या डूलीच्या बारमध्ये होणार, त्यात कोंबड्यांच्या कारखान्यातली खरीखुरी माणसं हवीत, असं कळलं तेव्हा व्हर्ना टिडवेलने सगळ्यांच्या आधी नाव दिलं. हॉलोवेचं तिला कवडीचं कौतुक नव्हतं. तिला फक्त मार्लीने बघायला हवं होतं. मार्ली तिची मुलगी, अटलांटात दातांच्या डॉक्टरकडे नोकरीला. आई 'खाद्यपदार्थांच्या व्यवसायात' आहे, असं ती लोकांना सांगे. गेल्या नाताळात व्हर्ना तिच्या सोफ्यावर टेकते न टेकते तोच पोरीने खिडकी उघडून सुगंधी मेणबत्ती पेटवली होती. ते व्हर्नाच्या मनातून गेलं नाही. पोरीने एकदा तरी आपल्याला नटूनथटून नाचताना बघावं आणि चारचौघांत 'ही माझी मम्मा' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. शूटिंगचं तिने पोरीला फोनवर कळवूनही टाकलं.

त्या शनिवारी अर्धी पाळी संपवून ती घरी आली. आठवडाभर कोंबड्यांची हाडं काढणाऱ्या बोटांवर तिने लिंबू चोळलं, नखं घासली, केस धुतले. नवऱ्याच्या जीन्सला अशी खळ घातली की हॉयट आत नसता तरी ती उभी राहिली असती. मग तिने हिरवा झगा घातला. यात नवीन काही नव्हतं. शनिवारी सगळा कारखाना असाच घासूनपुसून बारमध्ये येई. डूलीने तर दारावर पाटीच लावली होती: कामाचे बूट बाहेर.

आज ती पाटी गायब होती. आत एक मुलगी तपकिरी पावडरचा डबा घेऊन एकेकाच्या तोंडाला मळ फासत होती. खरीखुरी माणसं निमूटपणे गाल पुढे करत होती.

"मिस व्हर्ना, हा झगा नाही चालणार," दिग्दर्शक म्हणाला. पोरसवदाच होता, हॅट इतकी कोरी की किमतीची चिठ्ठी तेवढी काढलेली. "कामगार शनिवारी असे दिसत नाहीत."

"तुला कोणी सांगितलं रे बाळा?"

"गाण्यातच आहे ना."

"मग गाण्यालाच नाचव."

डूली काउंटरमागून कळवळला. "व्हर्ना, नडतेस कशाला? जरा मळ लागला तर झिजणारेस का?"

"मागच्या महिन्यात हॉयटला रबरी बुटांवरून दारातून हाकललंस, तेव्हा कुठे गेलं होतं हे शहाणपण?"

हॉयटच्या कपाळावर तोवर दोन काळे पट्टे आले होते, आणि खळीच्या जीन्सवर चिखल. "लावून घे गं," तो पुटपुटला. "बिअर फुकट आहे."

दिग्दर्शकाने तिच्याकडे निरखून पाहिलं. "चेहरा छान आहे तुमचा. बंडी घाला, थोडी पावडर लावा. तुम्हाला थेट ट्रेसच्या शेजारी उभं करतो. अख्खं गाणं तुम्ही दिसाल."

अख्खं गाणं! व्हर्नाने पर्स काउंटरवर ठेवली. डबेवाल्या मुलीने पावडरचा बोळा तिच्या गालाजवळ आणला. मार्ली बघेल, नक्की बघेल. आणि मग काय करेल? मेणबत्ती लावेल.

"हात काढ," व्हर्ना म्हणाली. "आठवडाभर फुकट लागतो मळ मला. शनिवारी नाही लावून घेणार." आणि पर्स उचलून ती बाहेर पडली. मागे हॉलोवे 'आज सगळी सूट' म्हणत होता. तिला त्या गाण्याची, त्या हॅटची आणि गाल पुढे करणाऱ्या नवऱ्याचीही किळस आली.

महिन्याभराने गाणं टीव्हीवर आलं आणि त्याच संध्याकाळी मार्लीचा फोन आला.

"मम्मा, दवाखान्यातल्या सगळ्यांना जमवलं होतं मी. म्हटलं, माझी मम्मा दिसणार आहे. पप्पा दिसले, ईऽऽ, केवढे मळलेले! तू कुठेच नाहीस. तुला घेतलं का नाही?"

व्हर्नाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी आंघोळ करून गेले होते गं."