मालतीबाईंचा धागा तोडायचा दात

मी एक जुनं फिलिंग आहे. मित्रांनो, वय विचाराल तर मी बेधडक तीनशे वर्षं सांगेन, खरी नऊ. लोक मला सिमेंट म्हणतात, त्याचा मला राग येतो. मी काचेच्या बारीक पुडीचा आणि राळेसारख्या चिकट द्रव्याचा लगदा. डॉक्टरांच्या कपाटात एका काळ्या नळीत राहत होतं. हिमालयाचा बर्फ माझा सख्खा भाऊ आहे, असं मी शेजारच्या नळ्यांना सांगत असे. त्यांना ते पटत असे, बिचाऱ्या.

माझं घर म्हणजे उधना या साड्यांच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या मालतीबाईंचा वरचा पुढचा दात. त्या घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापत. रोज सकाळी कारखान्यातून साड्यांचं पोटलं, म्हणजे गाठोडं, येई. कात्री शेजारीच असे, पण हात तिकडे जाण्याआधी धागा दाताखाली गेलेला असे. वर्षानुवर्षं एकाच जागी धागा तुटून दाताला खाच पडली, खाचेत कीड शिरली आणि कोपरा उडाला. त्याच सुमारास त्यांचा नवरा चिंधा गेला. लूमच्या खात्यावरून, म्हणजे मागाच्या कारखान्यातून, घरी आला, पाणी मागितलं, आणि गेला.

तेव्हापासून दोन वर्षं मालतीबाई गायल्या नव्हत्या. गल्लीत हळदीची गाणी पुरी येणारी ती एकच बाई. कुणी बोलावलं की म्हणत, "मन्हा दात मोडेल शे. हवा निसटस. गाऊ कशी?"

आता तर त्यांच्या लेकीची, उज्ज्वलाचीच हळद चार दिवसांवर आली होती.

"मग दातच नीट करू. चल ने, आई," उज्ज्वला म्हणाली आणि आईला दातांच्या डॉक्टर स्वप्ना यांच्या खुर्चीत बसवून मोकळी झाली.

आधी माझा रंग जुळवला. दात ओला असतानाच, खिडकीच्या उजेडात. "मावशी, पांढराशुभ्र लावला तर हा एकटाच पाहुणा दिसेल. पिवळटच घेऊ," डॉक्टर म्हणाल्या.

"चहाना रंग घ्या," मालतीबाई म्हणाल्या.

मग सुई टोचली. ओठ बधिर झाला. कीड कोरून काढली. दाताला निळं औषध लावून धुतलं, तसा तो खडूसारखा खरखरीत झाला. आजूबाजूला कापूस ठेवला, कारण थुंकीचा एक थेंब शिरला असता तरी मी धरून राहिलं नसतं. बारीक कुंचल्याने गोंदासारखं पाणी लावलं, त्यावर दिव्याचा निळा उजेड पाडला. मग मी आलं, पापडासारख्या पातळ थरांत, आणि प्रत्येक थरावर पुन्हा तो निळा उजेड. त्याच्यापुढे हजिऱ्याच्या पोलादाच्या भट्ट्याही काजवे वाटल्या असत्या. वीस सेकंदांत लगद्याचा दगड. शेवटी घासून चकचकीत केलं.

"ओठ दोन तास बधिर राहील. तोवर काही चावायचं नाही. आणि धागा तर कधीच नाही. दात थोडाच उरलाय," डॉक्टर म्हणाल्या.

घरी पोटलं वाट पाहत होतं. मालतीबाई बसल्या, साडी ओढली, आणि धागा सवयीने तोंडाकडे गेला. मी टिकलं. पण धाग्याबरोबर वरचा बधिर ओठही दातात सापडला. फिकट साडीवर लाल थेंब पडला, तरी त्या दुसरा धागा शोधतच होत्या.

"आई, ओठ फाटलाय."

"फाटू दे. माले दुखत नही."

"ते इंजेक्शनमुळे."

"इंजेक्शन आज दिधं व. दोन वरीस व्हयनात, माले काहीच दुखत नही. तू सासरले चालनी, तरी रडू येत नही. गाणं कथाईन येई?"

उज्ज्वलाने त्यांच्या ओठावर ओला फडका धरला. "मग दाताचं का सांगत होतीस?"

"दात दाखाडता येस. बाकीनं काय दाखाडू?"

हळदीच्या दिवशी बायका गोल बसल्या. दात अखंड होता. सबब उरली नव्हती. मालतीबाईंनी तोंड उघडलं. पहिली ओळ माझ्यावरून गेली ती रेशनच्या रांगेत नावं पुकारावीत तशी कोरडी. दुसरीही तशीच. पुढच्या ओळीत नवरीच्या बापाचं नाव येतं. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून शेजारच्या रंभाबाईंनी घ्यायला तोंड उघडलं. मालतीबाईंनी हाताने त्यांना थांबवलं.

"चिंधा," त्या स्वतः गायल्या.

'धा' म्हणताना त्यांची जीभ माझ्या पाठीला टेकली आणि तिथेच थरथरत राहिली. मग ओठावरून काहीतरी कोमट, खारट आत आलं. उज्ज्वलाने हळदीचे हात तसेच आईच्या गळ्यात टाकले. ओळ अर्धी राहिली, ती बायकांनी पुरी केली.

आता माझ्या कडेला काळी रेघ धरू लागली आहे. मालतीबाई कात्री वापरतात. कधीमधी विसरतात, तेव्हा मी जीव मुठीत धरून बसतं. मित्रांनो, धागा कात्रीनेच कापा आणि वर्षातून एकदा दात दाखवून या. आणि घरातलं कुणी म्हणालं, मला काही दुखत नाही, तर लगेच उठून जाऊ नका. थोडा वेळ जवळ बसा.