सव्वा मूठ

श्रावण लागला की सुरतेच्या डिंडोलीतल्या खानदेशी घरांत लगबग सुरू होते. कानबाई देवीची नथ शोधून काढली जाते, तिच्या नैवेद्याच्या पुरणभरल्या रोटासाठी गहू निवडायला बायका दारात बसतात. धुरपदाबाईंच्या घरीही गहू आले होते. गावाकडच्या सुगीतले, कानबाईसाठी वेगळे काढून ठेवलेले. पण यंदा त्या सूप हातात घेऊन नुसत्याच बसल्या होत्या.

रोटाचे गहू मोजून घेतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. धुरपदाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासरी दहा-अकरा पुरुष होते, परात शिगोशीग भरायची. सुरतेत आल्यावर नवऱ्याची आणि मुलाची, अशा दोनच मुठी उरल्या. आधी नवरा गेला. गेल्या वर्षी आखाडात मुलगा भाईदासही गेला आणि त्या श्रावणात सण झालाच नाही. आता घरात तिघी: त्या, सून सुषमा आणि नात ज्योती.

चुलतदीर दत्तू कालच सांगून गेला होता, "वहिनी, मूठ नाही तर रोट नाही. देवीला उपाशी बसवणार का? कानबाई आमच्या नवागामच्या घरी येऊ द्या. शनिवारी न्यायला येतो."

त्याच्या मनात खोट नव्हती. चालत आलेलं तो बोलला.

"आजी, मूठ पुरुषांचीच का गं?" ज्योतीनं विचारलं.

"तसंच असतं."

"कोणी ठरवलं? आणि मोजायचं कोण? पप्पा?"

"पप्पा कशाला मोजतील? मी मोजायचे."

"म्हणजे नाव त्यांचं आणि मूठ तुझी!"

खरंच की! बोटं कशी मिटायची, हे सासूनंच हात धरून शिकवलं होतं. पुरुष परातीजवळ फिरकतही नसत.

समोर नणंद इंदुबाई गहू निवडत होत्या. रोट कुळातल्यांनीच खायचे, म्हणून लग्नानंतर माहेरचे रोट त्यांना चालत नव्हते, पण निवडायला त्या दरवर्षी नंदुरबारहून यायच्या. त्यांनी मान वर केली.

"काय वं धुरपदा, कानबाई बाई शे का माणूस?"

"अक्का, काहीतरीच काय!"

"सांग ना. नथ कोणाच्या नाकात घालतो आपण? दत्तूच्या?"

ज्योती खुदकन हसली. इंदुबाई मात्र गंभीर होत्या. "नांगर धरणाऱ्याच्या नावानं तेव्हा मूठ घेतली असेल. निंदणाऱ्या-कापणाऱ्या बाईचं नाव राहून गेलं. आज या घरात चूल कोण पेटवतं? सुषमा साड्यांना लेस लावते, ही पोर शिकवण्या घेते. मग देवीनं कोणाच्या नावाचा रोट मागावा?"

"आणि देवी कोपली तर?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"लेकींनी जेवू घातलं म्हणून आई कोपेल? घरातून घालवलीस, तर मात्र रागावेल."

धुरपदाबाईंनी परात पुढे ओढली. "सुषमा, मशीन बंद कर! इकडे ये!"

पहिली सव्वा मूठ सुषमाची. दुसरी ज्योतीची. तिसरीपाशी हात अडखळला. या परातीवर स्वतःचं नाव त्यांनी कधी उच्चारलंच नव्हतं.

"धुरपदा," त्या पुटपुटल्या.

"मोठ्यानं, आजी!"

"धुरपदा!" गहू परातीत पडले. मग त्यांनी पुन्हा हात घातला. "आणि ही इंदूची."

"मी परघरची वं..." इंदुबाई म्हणाल्या आणि परातीतले गहू हातानं सारखे करू लागल्या.

शनिवारी दत्तू रिक्षा घेऊन आला, तेव्हा घरभर पुरणाचा वास दरवळत होता.

"रोट? कोणाच्या नावाचे?"

"आमच्या चौघींच्या," धुरपदाबाईंनी ताट पुढे केलं. "बसा, भाऊ."

दत्तू उंबऱ्यातच थबकला. रोटाच्या ताटाला भाऊबंदानं नाही म्हणायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तो बसला. पहिला घास खाली उतरायला वेळ लागला. दुसरा लवकर उतरला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "आमच्याकडे दोन पोरी आहेत. त्यांच्या मुठी राहिल्यात. घरी हिला फोन करतो." मग दाराकडे वळून हाक मारली, "ज्योती, रिक्षावाल्याला जाऊ दे. सवारी इथंच राहणार आहे!"

सण जपायचे, ते घरातल्या माणसांसाठीच ना? मग यंदा तुमच्या घरीही धान्य मोजाल तेव्हा एकदा विचारा, कोणाची मूठ राहिली? विचारल्यानं देव कोपत नाही. परात तेवढी भरते!