मी गिळलेला एक दिवस

मी एक जुना काउंटर आहे, मित्रांनो, लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावर विणकामाचे फेरे मोजणारा. मुठीएवढी लोखंडी पेटी, पुढे काचेआड आकड्यांची चाकं आणि बाजूला दांडी. दांडी दाबली की आकडा एकाने पुढे. मला दुसरं काही येत नाही, पण मोजणं चोख येतं. आणि आधीच सांगतो, माझा स्वभाव वाईट आहे. मी डूख धरतो.

सुरतेत शालिग्रामभाऊंच्या लूमवर मी एकोणीस वर्षं काढली. भाऊ अमळनेरकडचे. पाळी सुरू करताना ते मला फडक्याने पुसायचे आणि शेजारच्याला आपल्या अहिराणीत सांगायचे, "हाऊ मना भाऊ शे. कधी खोटं बोलस नही."

मग लूमवर देखरेखीला हेमराज मास्तर आला. एकदा त्यानेच तासभर लूम बंद ठेवला, म्हणून माझा आकडा कमी दिसला. तर हा गडी सगळ्यांसमोर माझ्यावरच ओरडला, "खोटारडा आहे हा! फेका भंगारात!" माझ्या जागी नवा डिजिटल काउंटर आला. भाऊंनी मला डिंडोली वस्तीतल्या आपल्या घरी आणलं, आणि तिथे फळीवर मी सात वर्षं दातओठ खात बसलो. हेमराजला तोंडघशी पाडल्याशिवाय गंजायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

पुढे हेमराजने लूम सोडून तिकीट-व्हिसाचं दुकान थाटलं. भाऊंची लेक धनश्री जर्मनीत नोकरीला. तिच्या बाळंतपणासाठी आई शोभाबाई निघाल्या. तिथे राहायची परवानगी नव्वद दिवसांची. परतीचं तिकीट काढताना त्यांनी हेमराजला विचारलं, "विमान रात्री दहाला उतरणार. तो दिवस धरायचा का?"

"मावशी, रात्रपाळीला आलेल्याची त्या दिवसाची हजेरी लागते का? दुसऱ्या सकाळपासून एक मोजा!"

शोभाबाईंचा मोबाईलपेक्षा माझ्यावर भरोसा. त्यांनी मला पिशवीत घेतलं. तिकडे विमानतळावर धनश्री म्हणाली, "आई, उतरल्याचा दिवस पण धरतात. दाब आत्ताच. हा नव्वदला आला की त्याच दिवशी निघायचं." मी मनात हिशेब केला. हेमराजचं तिकीट एक्क्याण्णवाव्या दिवसाचं होतं. सापडला बेटा!

आता मी खरं मोजलं असतं, तर चूक तिकिटाच्या आदल्याच दिवशी कळली असती आणि तिकीट बदललं असतं. हेमराज सुटला असता. ते मला नको होतं. शोभाबाई अडकल्या की अख्खी डिंडोली त्याच्या दुकानावर चालून जाईल, हेच मला दिसत होतं.

सदुसष्टाव्या दिवशी सकाळी शोभाबाईंनी रोजच्यासारखी दांडी दाबली. मी टक् असा आवाज केला, पण चाक फिरू दिलं नाही. बाळ रडलं म्हणून त्या आकडा न बघता आत धावल्या. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

निघायच्या दिवशी मी नव्वद दाखवत होतो. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने एक्क्याण्णव मोजले आणि एक दिवस जास्त राहिल्याची नोंद केली. शोभाबाई पुन्हा पुन्हा त्याला माझा आकडा दाखवत होत्या. मी मात्र सुरतेची वाट बघत होतो.

आम्ही सुरतेत पोचलो आणि भाऊ मला घेऊन तडक हेमराजच्या दुकानात गेले. माणसं जमली. हेमराज माझ्यावर वाकला आणि त्याचा चेहरा खुलला. "बघा, नव्वदच! माझेही नव्वद, याचेही नव्वद. एवढा जुना जाणता काउंटर खोटं सांगेल का? तिकडच्यांनीच चुकीचं मोजलं!" लोकांनी माना डोलावल्या. भाऊंनीही मला उचललं आणि घरची वाट धरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नातीच्या पहिल्या वाढदिवसासाठी शोभाबाईंनी पुन्हा अर्ज केला. त्या एका दिवसापायी व्हिसा नाकारला गेला. आता नात फोनवर दिसते. शोभाबाई "ये, ये" म्हणून हात पुढे करतात. पोर काचेला हात लावते, आजी हाताशी येत नाही, मग रडते.

हेमराजवरचा माझा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुमच्यावर विसंबून कोणी मोजत असेल, तर तुमचा राग त्या मोजणीत घालू नका. जे भोगायचं ते त्या विसंबणाऱ्या माणसाला भोगावं लागतं.

परवा शोभाबाईंनी मला पदराने पुसलं आणि भाऊंना म्हणाल्या, "पुढल्या खेपेलाबी हाऊच संगे लई जासू. याना इतका भरोसा मना कोनावर नही."