गालावरची धूळ

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. पडद्यावर, संगमरवरी स्त्रीच्या डाव्या गालावर, टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका चमकत होता. प्राचीन निळ्या रंगाचा कण लाल उजेडात या कॅमेऱ्याला असाच दिसतो, बाकी सगळे काळे... संग्रहालयात जुन्या रंगांचा शोध घेणाऱ्या लोरेदानाने प्रतिमा मोठी केली. चाळीसएक ठिपके. प्रत्येकापुढे मार्चमध्ये तिनेच नोंदवले होते — धूळ, वगळावे. केसांच्या फितीचा निळा झडून खाली पडला असेल, असे तेव्हा वाटले होते. पण झडलेला रंग कुठेही पडतो, आणि हे कण फक्त गालांच्या खळग्यांत होते, दोन्ही बाजूंना, नेमके जिथे चित्रकार सावली देईल तिथे.

मागे टेबलावर तिच्याच नोंदींवरून त्रिमितीत छापून रंगवलेले, त्याच स्त्रीचे डोके होते. सपाट गुलाबी, खाटकाच्या दुकानात काचेमागे कापून ठेवलेल्या मोर्तादेल्ला सॉसेजचा गुलाबी. तिने एकदाच वळून पाहिले आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केले.

"माझ्या सासूचा लग्नातला फोटो," दारातून पहारेकरी साबातो म्हणाला. "फक्त सासू जरा कमी रंगली होती."

संचालक तुल्लिओ कागद घेऊन आत आला. "अकराला हे डोकं बघायला पत्रकार येतायत. 'पुराव्यानुसार रंगवले', इथे सही कर."

"ती धूळ नव्हती. कातडीच्या रंगात निळा मिसळून सावली केली होती. हे डोकं चुकलंय."

"धूळ कोण म्हणालं होतं, मी?"

"मी."

"मग आता गप्प बस, पोरी. नापोलीला पांढऱ्या पुतळ्यांचा कंटाळा आलाय. त्यांना भडकच हवंय."

तो कागद ठेवून गेला. त्या मार्चच्या दुपारी दीड वाजला होता, भूक लागली होती, खालून तळणाचा वास येत होता... चाळीस वेळा टिचकी, चाळीस वेळा धूळ, एकदाही थांबले नाही मी. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ओल्या गुलाबीत चिमूटभर निळा कालवला, आणि मी जेवायला गेले. तिने तळहात स्कर्टला पुसला. स्वच्छच होता, तरी पुन्हा पुसला.

सकाळपासून पहिल्यांदाच ती त्या डोक्याकडे सरळ पाहू लागली. तिला ओशाळल्यासारखे वाटत होते, जणू एखाद्या बाईला आपणच असे तोंड रंगवून चारचौघांत बसवले आहे.

दहा बावन्न. जिन्यावर पत्रकारांचे बोलणे ऐकू येऊ लागले. कागदावर सही नव्हती.