नमुन्याच्या बाटलीवरची सही

मार्सलीन प्युयोचं डोकं त्या दिवशी सकाळीच फिरलं, आणि फिरायलाच हवं होतं. मालक ओरेलियाँ तळघरात आला, पिपांच्या रांगेसमोर उभा राहिला आणि म्हणाला की पुढच्या आठवड्यातल्या चाखणीसाठी नमुन्याची बाटली वेगळी भरायची. दक्षिण उताराचं मेर्लो जवळजवळ सगळं, सोविन्यों नावापुरतं, फ्रां अजिबात नको. विकायची वाईन नेहमीचीच राहील, आणि बाटलीच्या चिठ्ठीवर प्रमाणही नेहमीचंच लिहायचं.

"म्हणजे आत एक आणि वर भलतंच," ती म्हणाली.

"इतकं काय मनावर घेता, बाई? ते गुण देणारे लोक एका सकाळी ऐंशी ग्लास चाखतात. तुमच्या फ्रांचा रुसवा काढत कोण बसणार?"

एकतीस वर्षं ती तीन जातींच्या द्राक्षांतून या घराची वाईन जुळवत होती. मेर्लो हे पहिल्या भेटीतच गळ्यात पडणारं द्राक्ष. गुबगुबीत, गोडबोलं, आणि एकटंच समोर बसवलं तर दुसऱ्या ग्लासाला कंटाळा आणणारं. सोविन्यों म्हणजे कणा. तरुणपणी इतकं करकरीत की जीभ आक्रसते. आणि फ्रां तर सुरुवातीला तोंडच उघडत नाही. नाक लावावं तर हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास येतो. मग आठ-दहा वर्षांनी बाटली उघडावी आणि तोच वास बदलून जांभळ्या फुलांचा झालेला असावा. तिघांचं नीट जुळलं की कुणी कुणाला झाकत नाही, कुणी एकटं पुढे येत नाही. या टेकडीवरच्या माणसांनी कितीतरी पिढ्या खपून जे साधलं, ते या पोराला ऐंशी ग्लासांच्या घाईत निकालात काढायचं होतं.

नमुन्याच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी बांधायची, तिच्यावर प्रमाण हाताने लिहायचं आणि खाली तळघर सांभाळणाऱ्याने सही करायची, ही ओरेलियाँच्या आईने, सोलांजबाईंनी, लावलेली शिस्त होती. छापील आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्या जाऊन तीन वर्षं झाली, पण मार्सलीनने एकही चिठ्ठी दुसऱ्या कुणाला लिहू दिली नव्हती. लोक तिला ओळखत ते त्या सहीमुळेच.

तळघर मालकाचं, द्राक्षंही मालकाची. त्याने सांगितली तशी बाटली तिने भरली. चिठ्ठीवर मात्र लिहिलं: मेर्लो चौऱ्याण्णव, सोविन्यों सहा, फ्रां शून्य. खाली सही ठोकली. ओरेलियाँ चिठ्ठ्या कधी वाचत नसे.

दलाल कास्तेरा मात्र वाचायचा. हा म्हातारा चाळीस वर्षं या घराची वाईन विकत आला होता, आणि चाखणीच्या सकाळी गावच्या नगरभवनात जाण्याआधी इथे थांबून नमुना स्वतः घेऊन जायचा. त्या सकाळीही त्याने चष्मा लावला, चिठ्ठी वाचली आणि फ्रां शून्य कसं, असं विचारलं.

ओरेलियाँचे कान लाल झाले. मग तो हसला. "बाईंचं वय झालं हो आता. आकड्यांत घोळ होतो."

मार्सलीनला संताप आवरेना. वय? हा मुलगा पिपांच्या आड लपाछपी खेळायचा तेव्हापासून तिचा एक आकडा चुकला नव्हता. ती मागे गेली, पिपातून खरी वाईन काढली आणि कास्तेराच्या हातात ग्लास दिला.

त्याने घोट घेतला, बराच वेळ तोंडात फिरवला, बादलीत थुंकला. "ही या घराची. दहा वर्षं थांबावं लागेल, पण मग काय बहरेल ही!"

"मग हीच न्या."

"मार्सलीनबाई, आज गुण त्या दुसरीला मिळणार. गिऱ्हाईक गुण बघून घेतं."

"आणि तुमच्या स्वतःच्या तळघरात कुठली ठेवाल?"

"ही. त्यात काय विचारायचं?" म्हातारा म्हणाला, आणि दुसरी बाटली पिशवीत घालायला पुढे झाला. फक्त चिठ्ठी तेवढी बदलून द्या, म्हणाला.

ओरेलियाँने पेन तिच्यापुढे धरलं. तिने हात पाठीमागे नेले. त्याने स्वतःच कोरी चिठ्ठी ओढली, साठ, तीस, दहा असं नेहमीचं प्रमाण लिहिलं, आणि खाली तिची सही केली. लहानपणापासून पाहत आला होता, हुबेहूब जमली. ती कास्तेराकडे पाहत राहिली. कास्तेरा चष्म्याची डबी शोधत होता.

ते दोघे गाडीने गेले. एकतीस वर्षांचं नाव असं कुणीही उचलावं आणि खोट्याच्या गळ्यात बांधावं, हे तिला सहन होईना. तिने खऱ्या पिपातून बाटली भरली, बूच बसवलं, चिठ्ठी लिहिली, सही केली आणि गावापर्यंत पायी गेली.

नगरभवनात पांढरं कापड घातलेली टेबलं लागली होती. आपल्या घराच्या पाटीखाली ओरेलियाँची बाटली होती. मार्सलीनने आपली बाटली अगदी तिच्याशेजारी ठेवली. दोन्हींवर तेच नाव, तेच आकडे, तीच सही.

ओरेलियाँ लगबगीने आला. "बाई, हे काय चालवलंय? उचला ती."

"का, मालक? दोन्हींवर माझीच सही आहे ना?" ती त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली. "यातली एक माझी नाही असं तुम्हाला म्हणायचं असेल, तर म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा."

त्याने दारातून येणाऱ्या पाहुण्यांकडे पाहिलं आणि तो टेबलापासून मागे सरला. तिने दोन्ही बाटल्या उघडल्या, दोन ग्लास भरले आणि गुणांची वही काखेत धरून येणाऱ्या पहिल्या पाहुण्यापुढे दोन्ही एकदमच सरकवले.