सासूबाईंचे वाक्य

सासूबाईंच्या धाकट्या मुलाचे लग्न परदेशात ठरले. होणाऱ्या व्याह्यांना स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा येत नव्हती, म्हणून जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. शिकवणारी लेक, शिकणारे सासूबाई आणि जावई. जावई छापखान्यात मुद्रितशोधक, त्यामुळे नियम पाठ करण्याआधी त्याच्याशी हुज्जत घालणे त्याला कर्तव्य वाटे.

त्या दिवशीचा शब्द होता ‘रोतो’, म्हणजे फुटलेला.

“विशेषण असेल तर आपल्यासारखाच लिंगाप्रमाणे बदलतो,” लेक म्हणाली. “फुटलेली किटली म्हणताना ‘रोता’. पण ‘मी फोडली आहे’ म्हणताना ‘रोतो’च, मग काहीही फोडा.”

“हा कुठला न्याय? मराठीत तिथंही बदलतो,” जावयाने हरकत घेतली.

“न्याय हवा तर कोर्टात जा. इथं पाठ कर.”

सासूबाई हसल्या. किटलीचे उदाहरण त्यांनीच सुचवले होते. मागे एकदा फडताळातून चिनी मातीची किटली उचलताना तोटी त्यांच्या हातात आली होती. तेव्हापासून आपल्या कापऱ्या हातांवरचा त्यांचा विश्वास उडाला. चहा करणे सुटले. पाणीसुद्धा त्या मागून घेत. वास्तविक तोटी आदल्या दिवशीच, किटली धुताना, जावयाच्या हातून निखळली होती. त्याने ती जागच्या जागी टेकवून किटली मागे सारली. संध्याकाळी सांगू असे मनाशी म्हणाला, आणि सांगायचे राहिले ते राहिलेच.

सासूबाईंनी शब्द जुळवले. “यो ए रोता ला तेतेरा. मी किटली फोडली आहे. जमलं का, जावईबापू?”

“रोता नाही, आई. रोतो.” सवयीने तोंडातून निघून गेले.

“यो ए रोतो ला तेतेरा,” त्या आज्ञाधारकपणे म्हणाल्या.

लेकीने शाबासकी दिली. जावयाची मान खाली गेली. दुसऱ्याच्या माथी मारलेल्या अपराधाचे मुद्रितशोधनही त्याने स्वतःच केले होते.

“आई, ते वाक्य माझं आहे,” तो म्हणाला. “तोटी माझ्या हातून तुटली. मी ती नुसती टेकवून ठेवली होती.”

लेकीने पेन्सिल खाली ठेवली. सासूबाई काही वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिल्या.

“मग मला पाणी आणून देताना,” त्यांनी सावकाश विचारले, “तुम्हाला रोज काय वाटायचं हो?”

उत्तराची वाट न पाहता सासूबाई उठल्या आणि स्वतःच पेला भरायला स्वयंपाकघरात गेल्या. मदतीला उठण्याचाही अधिकार आपल्याला उरला नाही, असे वाटून जावई तसाच बसून राहिला.