डाव्या हाताची तुरपाई

माझ्या डाव्या हातावर बाबांच्या लाकडी पट्टीचे वळ किती वेळा उठले, त्याची गणती नाही. "डावरे, सुई त्या हातात घे," असं म्हणायचे आणि हाणायचे. बाबा शिंपी. परक्या सरकारच्या पोलिसांचे गणवेश आमच्याच दुकानात शिवले जात. मशीन ते चालवत, बाह्यांची तुरपाई माझ्याकडे. मी तेरा वर्षांची. उजव्या हाताने टाके वेडेवाकडे यायचे, म्हणून त्यांची पाठ वळली की मी सुई डावीकडे घेई. मग टाके एकसारखे येत, फक्त उलट्या बाजूला तिरपे पडत. गिऱ्हाईकाला काय कळतंय!

तेव्हा लढ्याला नुकतंच कुठे तोंड फुटलं होतं. दहा-वीस पोरं चौकात घोषणा द्यायची, मार खायची. "डोकं आपटून भिंत पडते का?" असं मोठी माणसं म्हणत. बाबाही तेच म्हणत. माझा दादा मात्र त्या पोरांत होता.

एका दुपारी बाबा मापं घ्यायला छावणीत गेले होते. दादाने निळं कापड माझ्यापुढे टाकलं.

"झेंडा आहे. कडा दुमडून दे."

"मशीनवर घालते की. चुटकीसरशी होईल."

"शहाणीच आहेस! मशीनचा आवाज रस्त्यावर जातो. हातानेच कर. आणि बाबांना काय सांगशील?"

"काय सांगू?"

"काही नाही, बये!"

मी जीव ओतून तुरपाई केली.

तिसऱ्या दिवशी तो झेंडा कचेरीच्या छपरावर फडकला. चौथ्या दिवशी हवालदार तो घेऊन दुकानात आले. जुनं गिऱ्हाईक. त्यांनी झेंडा मेजावर पसरला, आपल्या बाहीची कड उलटी करून शेजारी धरली. तेच टाके, तसेच उलटे तिरपे.

"मास्तर, गावात असा टाका दुसरं कुणी घालत नाही. कुणाचा हात हा?"

आई आतल्या दारात थिजली. बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "माझा."

"थट्टा करता? तुम्ही उजव्या हाताने शिवता. मी काय आज बघतोय?"

बाबांनी एक चिंधी ओढली. सुई बोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून दुसऱ्या हाताच्या बोटात घातलं आणि सुई डाव्या हातात धरली. टाके पडत गेले, बारीक, एकसारखे, उलट्या बाजूला तिरपे. माझ्याहून सुबक.

हवालदारांनी चिंधी झेंड्याशेजारी धरली. मग म्हणाले, "चला."

"बाही तेवढी सरळ करा, हवालदार. माझ्या दुकानाचं नाव जाईल."

हवालदार बाबांना घेऊन गेल्यावर आई म्हणाली, "बाबांच्या लहानपणी तुझे आजोबा त्यांचा डावा हात मशीनच्या पायाला बांधून ठेवायचे. उजवा वळेपर्यंत."

दादा त्याच संध्याकाळी परागंदा झाला. तो कुठे गेला, जगला की नाही, काही कळलं नाही. आणि मी सुई उजव्या हातात घेतली. तो टाका गावात पुन्हा दिसला असता, तर बाबांचं खोटं उघडं पडलं असतं.

बाबा चार वर्षांनी सुटले. दगड फोडून बोटं आखडली होती, सुईत दोरा ओवता येईना. दिवसभर माझ्या शेजारी बसून बघत. एकदा हळूच म्हणाले, "डावरे, त्या हातात घे की सुई."

मी घेतली आणि एका चिंधीवर तुरपाई घातली. टाके वेडेवाकडे पडले. डाव्या हाताची सवयच मोडली होती माझी.

बाबांनी ती चिंधी घडी करून खिशात ठेवली.